चार जबड्यांचा साक्षीदार

मित्रांनो, तुमसरच्या भंगारवाल्याच्या आवारात मोडक्या सायकली आणि गंजलेल्या पंख्यांच्या खाली लोखंडाचे एक जाड, गोल ताट पडलेले तुम्हाला दिसेल. त्याच्या तोंडावर चार रिकाम्या खाचा आहेत. ते ताट म्हणजे मी. आता मला कोणी नावाने ओळखत नाही, पण एके काळी मी लेथ मशीनचा चक होतो.

लेथ म्हणजे लोखंड तासून गोल करणारे यंत्र. कुंभाराच्या चाकावर माती फिरते, तसे लेथवर लोखंड फिरते. फरक एवढाच की माती आपणहून चाकाला चिकटून बसते, लोखंड बसत नाही. ते कोणीतरी घट्ट धरून ठेवावे लागते. धरले नाही, तर फिरता फिरता ते बंदुकीच्या गोळीसारखे सुटते. ते धरून ठेवण्याचे काम माझे. माझ्या चार खाचांत चार पोलादी जबडे होते. प्रत्येक जबड्याचा स्क्रू वेगळा, त्यामुळे प्रत्येक जबडा आपापला पुढेमागे सरकत असे. म्हणून वाकडी, चौकोनी, कशीही वस्तू मला पकडता येई. कारखान्यातली माणसे मला डॉग चक म्हणत. कुत्र्यासारखा चावून धरतो, म्हणून.

माझा जन्म दूर पंजाबात, बटाल्याच्या एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात लाल रस ओतला गेला, तो थंड झाला, आणि मी झालो. जबडे मात्र माझ्याबरोबर जन्मले नाहीत. ते वेगळे घडवले, भट्टीत तापवले, तेलात बुडवले आणि मग माझ्या अंगात बसवले. तपासणाऱ्या म्हाताऱ्याने हातोडीने मला हलकेच ठोकले, आवाज ऐकला आणि मान हलवली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

तिथून ट्रकने नागपूर आणि नागपूरहून तुमसर. तुमसरहून चिखल्याच्या मँगनीज खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लिलाधर नावाच्या माणसाने तेव्हा नुकताच कारखाना काढला होता. टिनाचे छप्पर, एक लेथ, एक ड्रिल मशीन, दाराशी मोहाचे झाड. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन फार काळ झाला नव्हता. लोक चहाच्या टपरीवर त्यावर वाद घालत. लिलाधर हसून म्हणे, "जिल्हा लहान झाला, पन भाताच्या गिरन्या तं तेवढ्याच आहेत ना. आपल्याले काय फरक पडते?" आणि खरेच, गिरण्यांचे फिरते दांडे म्हणजे शाफ्ट, पट्ट्याची चाके म्हणजे पुल्या, खाणीतल्या पंपांचे भाग यांची रांग कधी संपली नाही.

त्या लेथवर तेजराम काम करी. मित्रांनो, तेजरामसारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. वाकडातिकडा तुकडा माझ्या जबड्यांत धरून तो मशीन हळू फिरवी आणि फिरत्या लोखंडाजवळ खडू धरी. जिथे लोखंड बाहेर आलेले असे, तिथेच खडूचा डाग पडे. मग एक जबडा सैल, समोरचा घट्ट, पुन्हा खडू. बघता बघता डागाची गोल रेघ होई. म्हणजे तुकडा अगदी मध्यावर आला. दुसऱ्याला जिथे अर्धी सकाळ लागे, तिथे तेजरामचा चहासुद्धा थंड होत नसे.

तो माझी निगाही फार राखी. दर शनिवारी जबडे काढून रॉकेलने धुवी, खाचांतला लोखंडाचा बारीक चुरा ब्रशने काढी, स्क्रूला तेल देई. मला थोपटून म्हणे, "हा एकदा धरते तं सोडत नाई." मला तेव्हा वाटे, असा कारागीर नशिबानेच मिळतो.

पण तेजरामच्या भुवईवर एक खोल व्रण होता. त्याच्या उस्तादाने चकची चावी फेकून मारली होती, त्याचा तो. चावी म्हणजे जबडे घट्ट करायचा लोखंडी दांडा, इंग्रजी टी अक्षरासारखा. तेजराम हा व्रण अभिमानाने दाखवी. म्हणे, "मार खाल्ला म्हनून हात बसला. शाळेत जाऊन कोनी टर्नर होत नाई." ड्रिल मशीनवर काम करणारा खुशाल यावर मान हलवी. खुशाल तेजरामच्याच गावचा, दोन लेकरांचा बाप, स्वभावाने नरम. कोणी काहीही म्हटले तरी तो मान हलवी.

अशी बरीच वर्षे गेली. मग लिलाधरने एक मोठी जुनी लेथ विकत आणली. तिच्यावर तेजरामला बसवले. आमच्या लहान लेथसाठी माणूस हवा होता. तेजरामच्या मनात आपल्या साळ्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, तिथे लावायचे होते. लिलाधरने मात्र त्याला न विचारता रीनाला घेतले.

रीना चिखल्याची. तिचे वडील परसराम खाणीत जमिनीखाली काम करून निवृत्त झालेले. आई धुरपता रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत धानाच्या शेतांत मजुरीला जाई, एरवी घरीच असे. रीनाने आयटीआयमधून टर्नरचा, म्हणजे लेथ चालवण्याचा, कोर्स केला होता. पहिल्या दिवशी ती ओढणी कमरेला घट्ट बांधून, वेणीचा अंबाडा करून आली. मशीन चालू करण्याआधी तिने माझे चारही जबडे एकेक करून मागेपुढे सरकवून पाहिले. हात नवे होते, पण घाबरलेले नव्हते.

लिलाधर म्हणाला, "तेजराम, हिले जरा पाहून घेजो."

तेजराम म्हणाला, "माह्या चकवर पोट्टी बसवता भाऊ?"

"चक कारखान्याचा आहे," लिलाधर म्हणाला आणि फोन घ्यायला आत गेला.

दुसऱ्या दिवसापासून तेजराम घरून पाण्याची बाटली आणू लागला. आतापर्यंत सगळे दाराजवळच्या एकाच माठातले पाणी पीत. त्याच्या मागोमाग खुशालनेही बाटली आणली. माठ रीनासाठी उरला. ती रोज सकाळी तो घासून भरी आणि एकटीच त्यातले पाणी पिई.

मग चावी नाहीशी होऊ लागली. रीनाने तुकडा मशीनवर ठेवावा आणि चावी शोधावी, तर ती तेजरामच्या खिशात. मागितली की तो म्हणे, "थांब, माह्या हातचं काम होऊ दे." त्याचे काम दुपारपर्यंत होत नसे. मी रिकामा, आणि ती माझ्यासमोर उभी. लिलाधर आला की विचारी, "काहून उभी आहेस वो?" ती म्हणे, "चावी नाई." तेजराम तिथल्या तिथे खिशातून चावी काढून माझ्यावर ठेवी आणि म्हणे, "इथंच तं होती. पोरीले दिसत नाई, मी काय करू?"

रीनाने तक्रार केली नाही. तिने एक चौकोनी सळई घेतली, कानस मारून मारून तिचे टोक माझ्या स्क्रूच्या भोकात बसेल असे केले आणि स्वतःची चावी बनवली. ती चावी ती संध्याकाळी पिशवीत घालून घरी नेई. पहिल्यांदा ती माझ्या भोकात नीट बसली, तेव्हा रीना एकटीच हसली. कारखान्यात मी तिला त्यानंतर हसताना पाहिले नाही.

तेजरामने चावी पाहिली. उलटसुलट केली. म्हणाला, "चांगली केली." आणि परत दिली. मला वाटले, आता याचे मन निवळले. पण मित्रांनो, तो शब्द कौतुकाचा नव्हता. तेजरामने दुसरा मार्ग शोधला होता.

दुपारी रीना हात धुवून झाडाखाली जेवायला बसे. तिने धरून, मध्यावर आणून ठेवलेला शाफ्ट माझ्या जबड्यांत असे. तेजराम शांतपणे येई, एक जबडा किंचित सैल करी, समोरचा किंचित घट्ट करी आणि आपल्या मशीनवर परत जाई. शाफ्ट केसभर बाजूला सरके. डोळ्याला ते कळत नसे. रीना येऊन मशीन चालू करी, काम पुरे करी, आणि मग मोजमाप चुके. एका बाजूने लोखंड जास्त कातले जाई. शाफ्ट वाया.

पहिल्यांदा लिलाधरने सोडून दिले. दुसऱ्यांदा रागावला. मग त्याने सगळ्यांदेखत सांगितले, "आयटीआयचा कागद घेऊन आली, पन हात नाई आनला."

खुशालला सारे दिसत होते. त्याचे ड्रिल मशीन माझ्या समोरच होते. तो मान खाली घालून भोके पाडत राही.

रीनाला आपल्याच हातांची शंका येऊ लागली. एकदा तपासलेले ती पुन्हा तपासे, पुन्हा पुन्हा तपासे. तेजराम आणि खुशाल एकमेकांकडे पाहून हसत. मग तिने दुपारचे जेवणच सोडले. डबा तसाच घरी परत नेई आणि माझ्याजवळ स्टुलावर बसून राही. गंमत अशी की त्या दिवसांत तिचा एकही शाफ्ट बिघडला नाही. तिच्याही ते ध्यानात आले.

एका सकाळी तिने पिशवीतून लाल नेलपॉलिशची बाटली काढली. काम धरून झाल्यावर चारही स्क्रूंच्या तोंडावरून माझ्या अंगावर तिने बारीक लाल रेघा ओढल्या. स्क्रू फिरला तर रेघ तुटणार, अशी ती युक्ती. मग मुद्दाम झाडाखाली जेवायला गेली. परत आली तेव्हा दोन रेघा तुटलेल्या होत्या.

तिने लिलाधरला बोलावून दाखवले. "पाहा भाऊ. मी जेवाले गेली तेव्हा या सलग होत्या. कोनीतरी स्क्रू फिरवले."

लिलाधरने पाहिले. त्याला समजले. तो तेजरामकडे वळलासुद्धा. पण मोठ्या लेथवर खाणीचा पंप लागलेला होता, आणि तो पंप तेजरामशिवाय कोणाला जमणार नव्हता. लिलाधर पंपाकडे पाहत म्हणाला, "रीना, हा कारखाना आहे, ब्युटी पार्लर नाई. नेलपॉलिश लावून मशीन चालत नाई."

खुशाल मोठ्याने हसला. तेजराम हसला नाही. त्या कारखान्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या कामाकडे बोट दाखवले होते, आणि तेही या मुलीने. त्याचा चेहरा भट्टीतून काढून तेलात बुडवलेल्या पोलादासारखा काळा पडला.

रीना मात्र रेघा ओढत राहिली. पुरावा मिळाला नाही तरी चालेल, निदान काम बिघडणार नाही, असे तिला वाटले असावे. जेवण तिने पुन्हा बंद केले.

घरी परत येणारा भरलेला डबा धुरपताच्या लक्षात आला होता. एक दिवस ती खाणीकडून येणाऱ्या टेम्पोत बसून दुपारी कारखान्यात आली. फडक्यात बांधलेला डबा होता. दाराशी उभी राहून म्हणाली, "रीना, ये वो. आज माह्यासमोर खाय. गरम भात अन् वाळल्या मासोळीचा रस्सा आनला."

"माय, काम धरलं आहे."

"काम कुठं पळून जाते? दोन घास खाय अन् जा."

त्या दिवशी माझ्या जबड्यांत भातगिरणीची मोठी बिडाची पुली होती. फार जड. रीनाने ती धरायला सगळी सकाळ घालवली होती. तिने माझ्याकडे पाहिले, चारही रेघा पाहिल्या. मग आईकडे पाहिले आणि गेली.

तेजराम माझ्याजवळ आला. त्याच्या हातात थिनरचे फडके होते. त्याने शेजारशेजारच्या दोन स्क्रूंवरच्या रेघा पुसल्या. ते दोन्ही जबडे सैल केले. मग रीनाच्या खणातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि त्या स्क्रूंवर नव्या रेघा ओढल्या. अगदी सावकाश, श्वास रोखून. खडूने मध्य काढावा तशा. फुंकर घालून वाळवल्या. बाटली परत जागेवर ठेवली.

खुशालचे मशीन थांबले होते. तो म्हणाला, "तेजरामभाऊ, पुली आहे ते. जड आहे."

"पडन तं खालीच पडन," तेजराम म्हणाला. "मालक उद्या हिले घरी पाठवीन. तू आपलं भोक पाड."

खुशालने मान हलवली. त्याचे ड्रिल पुन्हा घरघरू लागले.

रीना परत आली. तोंड पुसत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर तरतरी होती. तिने रेघा पाहिल्या. चारही अखंड. तिने मला हाताने एकदा फिरवून पाहिले. पुली स्वतःच्याच वजनाने जबड्यांवर टेकून बसली होती, म्हणून हलली नाही. मी ओरडलो असतो. पण लोखंडाला जो आवाज असतो, तो फक्त घासल्यावरच निघतो.

तिने मशीन चालू केले. लोखंड कापणारे टूल पुलीला टेकले. माझे दोन जबडे धरून होते, दोन नव्हते. पुली हिसका देऊन माझ्या तोंडातून निघाली. ती खाली पडली नाही.

धुरपता दारातच होती. रिकामा डबा फडक्यात बांधत होती.

सर्वांत आधी धावला तो तेजराम. मशीन त्यानेच बंद केले. रीनाचे डोके त्यानेच मांडीवर घेतले आणि जीपमध्ये तिच्याबरोबर तोच बसला. तुमसरहून तिला भंडाऱ्याला नेले, भंडाऱ्याहून नागपूरला. ती वाचली. गालाचे हाड मोडले होते. उजवा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी तेजराम आला आणि त्याने माझ्या अंगावरचे रक्त रॉकेलने पुसले. नेहमीसारखेच, खाचाखाचांतून. लाल रेघा मात्र रॉकेलने निघत नाहीत, त्या तशाच राहिल्या.

चौकशी करायला आलेल्या माणसाला लिलाधरने सांगितले की चक जुना झाला होता, जबडे झिजले होते. मित्रांनो, माझ्या जबड्यांवर अजून दात स्पष्ट होते. पण मशीनवर आळ घातला की कोणाला तुरुंगात जावे लागत नाही. मला लेथवरून उतरवून मागच्या अंगणात टाकण्यात आले. माझ्या जागी चकचकीत नवा चक बसला. त्या लेथवर तेजरामचा साळा आला.

अंगणात मी ऊन खाल्ले, पाणी खाल्ले. मोहाची फुले माझ्यावर पडून कुजली. कुत्री माझ्यावर पाय वर करून गेली. तेलाने माखलेल्या अंगावर गंज चढू लागला. एक दिवस मागचे फाटक वाजले आणि रीना आत आली. सोबत धुरपता होती.

ती आपली हत्यारांची पेटी न्यायला आली होती. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. पायऱ्यांजवळ तिने पाऊल टाकले आणि ते चुकले. एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही. आईने तिला सावरले. धुरपता वाळून काडी झाली होती. मला पाहताच ती माझ्यापुढे मातीत बसली.

"हाच व्हय ना तो?" ती म्हणाली. "ह्याच्यात काई दोष नाई. दोष माहा. मी कायले आली डबा घेऊन. तू तं नाई म्हनत होती."

त्या दिवसापासून तिने मासोळी शिजवली नव्हती. रीना माझ्याजवळ उकिडवी बसली. एकेक जबडा बोटाने चाचपला. दातांवरून अंगठा फिरवला. जबडे झिजलेले नाहीत, हे टर्नरच्या अंगठ्याला कळायला वेळ लागत नाही. मग तिने तोंड माझ्या अगदी जवळ आणले आणि डाव्या डोळ्याने लाल रेघा पाहू लागली. दगडावर जसा शेंदूर टिकून राहतो, तशा त्या गंजातही टिकून होत्या.

मग तिने हाक मारली, "तेजरामकाका."

तेजराम हात पुसत मागच्या दारात आला. त्याच्या मागे खुशाल उभा राहिला.

रीना म्हणाली, "काका, या दोन रेघा पाहा. ह्या माह्या आहेत. वाकड्या. माहा ब्रश हालते. अन् या दोन पाहा. किती सरळ आहेत. अशी सरळ रेघ ओढनारा या कारखान्यात एकच मानूस आहे."

तेजरामने रेघांकडे पाहिले. मित्रांनो, मी त्या माणसाला वर्षानुवर्षे ओळखत होतो. त्याच्या डोळ्यांत आधी भीती आली नाही. आधी त्याने रेघा सरळ आहेत की नाहीत तेच पाहिले.

मग तो म्हणाला, "तू पहिल्याच दिवशी निघून गेली असती तं काही झालं नसतं."

एवढेच बोलून तो आत गेला. त्याचे मशीन चालू झाले.

रीना आईजवळ गेली. तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "माय, आयकलं ना? डब्यानं नाई झालं. तू नसती आली तं त्यानं दुसरा दिवस पाह्यला असता."

धुरपताने मान डोलावली. तिला खरे वाटले की नाही, मला सांगता येणार नाही. लेकीचा डोळा गेल्याचे दुःख तेवढेच राहिले, पण तिथून उठताना तिने रीनाचा आधार घेतला नाही. आपण होऊन उठली.

पेटी तिथेच ठेवून त्या दोघी तशाच पोलिसांत गेल्या आणि तक्रार केली. शिपाई आला, मला पायाने उलटवून पाहिले. रेघांकडे पाहून म्हणाला, "नेलपॉलिश बाई लावते, मानूस नाई." मग त्याने खुशालला विचारले, "तुहं मशीन समोरच आहे. तू काही पाह्यलं?"

खुशालने आत पाहिले. आत मोठी लेथ चालू होती. त्याने माझ्याकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले.

"नाई साहेब," तो म्हणाला. "मी भोक पाडत होतो."

रीना फाटकाशी उभी होती. खुशालकडे एका डोळ्याने नुसती पाहत राहिली, इतका वेळ की शेवटी शिपाईच अवघडून म्हणाला, "चाला बाई आता." तिने पेटी डोक्यावर घेतली आणि आईच्या मागोमाग रस्त्याला लागली. प्रकरण तिथेच मिटले.

पुढच्या शनिवारी तेजराम माझ्याकडे आला. त्याने थिनरने चारही रेघा पुसल्या, सरळ दोन आणि वाकड्या दोन. मग माझे जबडे एकेक करून काढले. ते चांगले होते, नव्या चकला कधी लागले तर कामी येणार होते. त्याने ते रॉकेलने धुतले, तेल लावले आणि मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले. काम झाल्यावर मला थोपटले. पूर्वी थोपटायचा तसेच.

रिकाम्या तोंडाने मी आणखी काही पावसाळे काढले. मग भंगारवाला हातगाडी घेऊन आला. मला गाडीवर चढवायला खुशाल पुढे झाला. भंगारवाल्याने सहज विचारले, "ते डोळा गेलेली पोरगी कुठं आहे आता?"

खुशाल म्हणाला, "पवनीले मामाच्या घरी. शिलाई मशीनवर बसते. सुईत दोरा तिची माय ओवून देते." तो थोडा थांबला. "माही लहानी पोरगी बी आयटीआयले जातो म्हनते. मी नाई म्हनून राहिलो."

"काहून?"

खुशालने मला ढकलून गाडीच्या मध्यावर नीट बसवले आणि हात झटकले.

मित्रांनो, आता थोड्याच दिवसांत मी भट्टीत जाईन. त्याचे मला वाईट वाटत नाही. लोखंड पुन्हा लोखंडच होते. जाण्याआधी तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. यंत्रांची काळजी घ्या, त्यांना वेळेवर तेल द्या, वापरून झाल्यावर जागच्या जागी ठेवा. तुमच्या शाळेत हे शिकवतच असतील, आणि ते खरे आहे. पण माझी सर्वांत चांगली काळजी ज्या हातांनी घेतली, त्याच हातांनी माझ्याकडून ते काम करवून घेतले. म्हणून कोणी वस्तू किती जपतो, एवढ्यावरून माणूस ओळखू नका. त्याच्या शेजारी उभे राहून काम करणाऱ्याच्या माठातले पाणी तो पितो की नाही, तेही पाहा.

आणि कधी तुमच्यासमोर कोणी कोणाचा स्क्रू गुपचूप सैल करताना दिसले, तर तेव्हाच बोला. मला चार जबडे होते आणि तोंड नव्हते. खुशालला तोंड होते.